अकरा चाव्या

माझ्या कमरेला अकरा घरांच्या चाव्या.
प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर नाव,
मालकाचं नव्हे, जनावराचं:
बिस्किट, मिसेस ओ, थोरला डांबिस, पुल्ला.
चोराच्या हाती लागल्याच
तर पत्ता नाही सापडायचा त्याला,
फार तर हाक मारता येईल.

सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली
थंडर बेच्या बर्फातून.
पोरं घरून शाळेत, शाळेतून घरी.
आता मीच जाते दारोदार
आणि कुणालाही कुठेच नेत नाही.
हाच धंदा. सांगितला की लोक हसतात:
पंचवीस डॉलर, मांजरापाशी नुसतं बसायचे!

बसायचेच तर.
मिसेस ओ चार दिवस सोफ्याखालून निघाली नाही.
मी फरशीवर मांडी घालून
दुकानाची जाहिरात वाचून दाखवली तिला.
बटाटे, पाच किलोची पिशवी. कपड्यांचा साबण, एकावर एक.
सामन मासा, फक्त शनिवारपर्यंत.
सामनला एक मिशी दिसली.

टॉइवो हेइनोनेननं एकदाच ठेवलं होतं पुल्लाला
कुत्र्यांच्या वसतिगृहात,
बहिणीला पुरायला सडबरीला गेला तेव्हा.
जागा स्वच्छ होती, म्हणाला. नाव ठेवायला जागा नाही.
बाई प्रेमळ. अंगण एवढं मोठं.
भांडी स्टीलची, सगळी एकसारखी.
पाच दिवसांनी आणला तर घसा बसलेला,
तोंड उघडायचा भुंकायला आणि नुसती हवा.
आठवडाभर कुजबुजत भुंकला बिचारा.
त्यानंतर टॉइवोनं मला चावी दिली,
देताना दोनदा मूठ मिटली त्याची.

या जानेवारीत सॉनाच्या पायरीवर
पाय घसरला. खुब्याचं हाड.
वय चौऱ्याऐंशी. मुलगी कॅल्गरीहून आली,
आठ आठवड्यांच्या कागदांवर सह्या केल्या,
मला आगाऊ पैसे दिले, विमान गाठलं.
तिला बोल लावत नाही मी.
तिचंही घर आहे, तिथेही कुणी वाट बघत असेल.

संध्याकाळी सहाला फोन येतो.
जेवला का?
जेवला.
त्याच्याच ताटलीत? निळ्या, टवका उडालेल्या?
त्याच.
डावीकडे वळवू नकोस, त्याला डॉक्टरची वाट वाटते.
नाही वळवत.
रात्री दिवा?
जिन्यातला ठेवते.
आणि तुमचं कसं काय?

जागा स्वच्छ आहे, म्हणाला.
पोरी प्रेमळ आहेत.
मग बराच वेळ काही नाही, मला वाटलं फोन कटला.
भांडी, म्हणाला, सगळी एकसारखी.
आवाज बसला होता त्याचा.
सर्दीही असेल.

दुसऱ्या दिवशी त्याच्या फळीवरचा कप उचलला,
कान तुटलेला, तळाशी कॉफीचं वर्तुळ कायमचं,
मफलरमध्ये गुंडाळला आणि घेऊन गेले.
टेबलामागच्या मुलीनं वही पुढे केली:
नातं काय?
मी जरा थांबले.
कुत्र्याकडून, म्हटलं.
तिनं तसंच लिहून घेतलं.

त्यानं कप हातात घेतला, हुंगला, धुऊन आणलास का, विचारलं.
नाही, म्हटलं.
बरं केलंस.

चिठ्ठी मात्र रोज घरीच लिहिते,
फ्रिजला चुंबकाखाली लावते एकावर एक,
आता चुंबक पेलत नाही, दोन लावलेत.
नियमच आहे माझा: घरचं माणूस आलं
की दिवस न दिवस हाती लागला पाहिजे.
आजची अशी आहे:

बुधवार. उणे एकतीस.
अर्धंच खाल्लं, शी घट्ट.
उजवीकडून फिरवून आणला, पंजांना मेण लावलं होतं.
आल्यावर दारापाशी थोडा उभा राहिला
आणि मग तुमच्या खुर्चीत जाऊन झोपला.
उठवलं नाही.